पलंगाच्या पायावर करंगळी आपटते तेव्हा: चेतापेशी घरच्या घरी कशी समजून घ्यायची

दरवर्षी हेच बघते. मूल चेतापेशीची, म्हणजे न्यूरॉनची, आकृती सुंदर काढतं, पट्टीने रेघा ओढून नावं देतं, वृक्षिका, पेशीकाय, अक्षतंतू, मायलिन, सगळं बरोबर, आणि मग विचारलं की अगं सिग्नल शिरतो कुठून आणि बाहेर पडतो कुठून, की गप्प. नावं पाठ असतात, गोष्ट माहीत नसते. मी अकरावी-बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते आणि आता आमच्याकडे नियमच आहे, आकृती सगळ्यात शेवटी. आधी एक सिग्नल पकडायचा आणि त्याच्या मागे मागे जायचं, तो ज्या भागात पोचेल त्या भागाचं नाव तेव्हाच शिकायचं. आणि सिग्नल असा घ्यायचा जो प्रत्येकाने भोगलेला आहे. रात्री पाणी प्यायला उठलात, लाइट लावला नाही, आणि पायाची करंगळी पलंगाच्या पायावर आपटली.

तो क्षण मुलाला नीट आठवायला सांगा, घाई करू नका कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. आधी कळतं की काहीतरी लागलं, नुसता स्पर्श. पाय तोवर मागे आलेला असतो. मग एक तीक्ष्ण कळ. आणि मग, जवळपास सेकंदभराने, तो खरा ठणका चढतो, ज्याच्यासाठी आपण आधीच दात आवळून तयार असतो. एकाच करंगळीतून एकाच वेळी निघालेल्या बातम्या वेगवेगळ्या वेळी का पोचल्या? हा प्रश्न वहीत वर लिहून ठेवायचा.

सामान फार नाही. एक लिंबू, विहिरीवर पाणी शेंदायला वापरतात तसा बोटाएवढा जाड दोर जितका लांब मिळेल तितका, इन्सुलेशन टेप, ३० सेंमीची पट्टी, स्टॉपवॉचसाठी मोबाइल, एक साधा कागद, आणि एका खेळासाठी दहा-पंधरा माणसं (सोसायटीतली मुलं चालतील, आजी-आजोबा तर फारच हौसेने येतात).

पहिलं काम मापाचं. पुस्तकातल्या आकृतीने सगळ्यात मोठा घोटाळा इथेच केलेला असतो, तिथे अक्षतंतू पेशीच्या चार-पाच पट लांब दिसतो, कारण पान तेवढंच असतं. आपण सगळं १००० पट मोठं करायचं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूमध्ये एक चेतापेशी आहे जी पायाच्या स्नायूला हुकूम देते, तिचं पेशीकाय, म्हणजे पेशीचा मुख्य गोळा, धरा ५० मायक्रोमीटरचं, म्हणजे १००० पटीत झालं ५ सेंमी, आपलं लिंबू. तिचा अक्षतंतू, म्हणजे बातमी पुढे नेणारा लांब धागा, कमरेपासून पायापर्यंत जातो, धरा १ मीटर, म्हणजे १००० पटीत १ किलोमीटर. जाडी १० मायक्रोमीटर धरली तर आपल्या मापात १ सेंमी, तो दोर. आता मुलाला लिंबू हातात द्या, दोराचं एक टोक त्याला बांधा, गच्चीवर दोर पूर्ण उलगडा आणि सांगा की हा १० मीटर झाला, असे अजून ९९ जोडायचेत. माझ्याकडच्या एका मुलीने हे ऐकून गच्चीच्या कठड्यावरून खाली बघत मोजायला सुरुवात केली, मारुतीचं देऊळ, मग रिक्षा स्टँड, मग शाळेचं गेट, आणि म्हणाली मॅडम, एका लिंबाचा दोर शाळेपर्यंत? हो, शाळेपर्यंत. तिला नंतर अक्षतंतू म्हणजे काय हे कधी विचारावं लागलं नाही.

लिंबाच्या दुसऱ्या बाजूला कोथिंबिरीची मुळं किंवा सुतळीचे धागे लावा, त्या वृक्षिका. या मापात खऱ्या वृक्षिका मीटरभर तरी पसरतील, झाडाच्या फांद्यांसारख्या, आणि त्यांच्यावर हजारो दुसऱ्या पेशींची टोकं येऊन टेकलेली असतात. वृक्षिका ऐकतात, लिंबू ठरवतं, दोर सांगायला धावतो. बस, दिशा एवढी समजली की पुरे. लिंबाच्या आत केंद्रक आहे, प्रथिनं मुख्यतः लिंबातच बनतात, आणि दोराच्या पार टोकाला लागणारं सामान तिथूनच पाठवावं लागतं. आतल्या बारीक नळ्यांवरून मोटर प्रथिनं ते ओढून नेतात, जलद माल दिवसाला ४० सेंमीपर्यंत जातो, म्हणजे कमरेतून निघालेलं पार्सल पायाला पोचायला दोन-तीन दिवस. आणि हाताची नस (म्हणजे नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे) कापली गेली तर तुटलेला अक्षतंतू परत वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणून मनगटाजवळ लागलेल्या माणसाच्या बोटांत जाणीव यायला महिने जातात आणि घरच्यांना वाटतं उपचार चुकतायत. तसं नसतं, अंतरच तेवढं असतं.

आता टेप घ्या आणि दोरावर गुंडाळायला लागा, पण प्रत्येक १ मीटरवर १ मिलिमीटरची फट सोडायची. ही टेप म्हणजे मायलिन, अक्षतंतूवरचं वेष्टण, आणि एका मीटरची टेप म्हणजे एक अख्खी श्वान पेशी (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्र्याशी संबंध नाही), जी स्वतःला अक्षतंतूभोवती गुंडाळून घेते. मधल्या फटींना रॅन्व्हिएच्या गाठी म्हणतात, नाव गाठ असलं तरी आहे ती फट, हे मुलांना आवर्जून सांगा, दरवेळी घोळ होतो. खऱ्या पेशीत अशी गुंडाळी साधारण १ मिलिमीटरची असते आणि फट १ मायक्रोमीटरच्या आसपास.

दोर झाला, आता त्यातून जातं काय? इथे ‘वायरमधून करंट जातो तसं’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, कारण एकदा ते डोक्यात बसलं की निघत नाही. वायरमध्ये विद्युतप्रवाह लांबीच्या दिशेने धावतो. इथे मुख्य हालचाल आडवी आहे, पेशीच्या पातळ आवरणातून आत-बाहेर. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त (दोन्ही धन विद्युतभाराचे कण), आणि एक पंप अखंड चालू असतो, दर फेरीला ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत. पंपाची ही साठवण आणि आवरणातून हळूहळू बाहेर झिरपणारं पोटॅशियम, या दोन्हींमुळे आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्टवर असते. टीव्हीच्या रिमोटमधला सेल १५०० मिलिव्होल्टचा, म्हणजे त्याच्या वीसाव्या हिश्शाएवढं. छोटं वाटतं, पण पेशी कायम ताणलेल्या धनुष्यासारखी तयार असते.

करंगळीतल्या टोकाला धक्का बसला की थोडं सोडियम आत येतं, उणे ७० चं उणे ६० होतं, आणि उणे ५५ च्या आसपास गेलं की धरणाचे दरवाजे उघडल्यासारखे सोडियमचे सगळे दरवाजे उघडतात, आतली बाजू थेट अधिक ३० पर्यंत उसळते. मग सोडियमचे दरवाजे बंद, पोटॅशियमचे उघडे, पोटॅशियम बाहेर, पुन्हा उणे. एका जागी हे सगळं साधारण १-२ मिलिसेकंदात आटपतं. पण तेवढ्यात शेजारच्या जागेला धक्का पोचलेला असतो, तिथे तेच, मग त्याच्या शेजारी.

मुलांना यासाठी वानखेडेवरची लाट आठवायला सांगा. मॅचमध्ये लोक उठतात, हात वर करतात, बसतात, आणि लाट अख्खं स्टेडियम फिरून येते, पण एकही माणूस आपली खुर्ची सोडून गेलेला नसतो. सोडियम तसंच, जिथल्या तिथे आत येतं, लाट पुढे जाते. आणि जो आत्ताच बसलाय तो लगेच परत उठत नाही, म्हणून लाट मागे फिरत नाही. चेतापेशीतही नुकतं उघडून बंद झालेलं दार थोडा वेळ उघडतच नाही, त्यामुळे बातमी एकाच दिशेने जाते. मायलिनचं काम पण यातच बसतं. टेपखालच्या भागात कुणाला उठायचीच गरज नाही, फक्त फटीतल्या माणसाने उठायचं, आणि लाट फटीतून फटीत उडी मारते.

ही उडी किती मोलाची आहे ते बघायचं तर मासळी बाजारात जा. आपण माकूल म्हणतो ना, स्क्विड, त्याच्या अंगात एक अक्षतंतू असतो तो जवळपास १ मिलिमीटर जाड, नुसत्या डोळ्यांना दिसतो. हॉजकिन आणि हक्सली या दोन इंग्लिश शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये त्याच्या आतच बारीक इलेक्ट्रोड सरकवून हा उसळणारा व्होल्टेज मोजला, १९५२ मध्ये त्याचं पूर्ण गणित मांडलं, १९६३ मध्ये नोबेल. पण माकुलाला इतका जाड तंतू का लागला? कारण त्याच्याकडे मायलिन नाही, वेग हवा तर जाडी वाढवणं एवढाच मार्ग. आपल्या १००० पटीच्या मापात त्याचा दोर मीटरभर जाडीचा होईल, पुलाच्या पायाला लागतो तसा पाइप, आणि तरी वेग सेकंदाला २५ मीटरच्या आसपास. आपला टेप गुंडाळलेला १-२ सेंमीचा दोर सेकंदाला ५० ते १०० मीटर आरामात नेतो. पाठीच्या कण्यात असे लाखो तंतू मावतात ते यामुळेच.

आता वहीतला प्रश्न काढा. स्पर्शाची बातमी जाड, मायलिनवाल्या तंतूतून आली, सेकंदाला ५० मीटर धरा, पायापासून मेंदूपर्यंत साधारण दीड मीटर, म्हणजे ३० मिलिसेकंद. तीक्ष्ण कळ पातळ मायलिनच्या बारीक तंतूतून, ती बरीच मागे पडली. आणि ठणका आला तो मायलिन नसलेल्या अगदी बारीक तंतूतून, सेकंदाला जेमतेम १-२ मीटर, माणूस चालतो त्या वेगाने. म्हणून तो सेकंदभर. हे गणित मुलाने स्वतः करायचं, आपण सांगायचं नाही.

वेग स्वतः मोजायचा असेल तर माणसं गोळा करा. १८५० पर्यंत मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटायचं की चेतांचा वेग मोजताच येणार नाही इतका जास्त आहे, मग जर्मनीत हेल्महोल्ट्झने बेडकाच्या नसेवर दोन वेगळ्या ठिकाणी धक्का देऊन स्नायू कधी हलतो ते मोजलं आणि सेकंदाला २७ मीटरच्या आसपास उत्तर काढलं. दोन जागा आणि वेळेतला फरक, एवढीच त्याची युक्ती, आपण तीच वापरायची. १५ जण गोल बसा, प्रत्येकाने शेजारच्याचा पायाचा घोटा एका हातात धरायचा, डोळे मिटायचे. पहिल्याने स्टॉपवॉच सुरू करताना घोटा दाबायचा, ज्याला कळलं त्याने पुढचा दाबायचा, फिरत फिरत पहिल्याच्या घोट्यापर्यंत आलं की बंद. सुरुवातीच्या तीन-चार फेऱ्या सोडून द्या, त्यात सगळे हसत असतात, मग पाच फेऱ्यांची सरासरी घ्या. नंतर हेच घोट्याऐवजी खांदा धरून. घोटा मेंदूपासून खांद्यापेक्षा साधारण १ मीटर लांब, १५ जणांचे १५ मीटर. समजा दोन सरासऱ्यांत ०.३ सेकंदांचा फरक आला तर १५ भागिले ०.३, सेकंदाला ५० मीटर. आकडा थोडा इकडेतिकडे होईल, चालतं, पण आपल्याच शरीराचा वेग आपण काढला याचा जो आनंद मुलांच्या तोंडावर असतो तो बघण्यासारखा असतो.

आता सगळ्यात नाजूक जागा. दोर संपला. पुढे दुसरी पेशी आहे पण दोर तिला चिकटलेला नाही. मध्ये फट आहे, खऱ्या आयुष्यात २० नॅनोमीटरच्या आसपास, आपल्या मापात ०.०२ मिलिमीटर. साधा कागद हातात घ्या, तो ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्याचा पाचवा हिस्सा. किलोमीटरभर धावून आलेली बातमी इथे थांबते. ही फट खरंच आहे का यावर अख्खी पिढी भांडली. इटलीतल्या गोल्जीने १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या करायची पद्धत काढली, त्याचं मत होतं की सगळं एकच अखंड जाळं आहे. स्पेनच्या काहालने त्याचीच पद्धत वापरून सांगितलं की नाही, पेशी सुट्या आहेत. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं आणि तिथेही दोघं आपापल्या मतावर ठाम. फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर. मराठीत तिला संपर्कस्थान म्हणतो, मुलं सिनॅप्सच म्हणतात, काही हरकत नाही.

ओलांडायची कशी, तर वीज संपते आणि रसायन सुरू होतं. टोकाला लाट पोचली की कॅल्शियमचे दरवाजे उघडतात, कॅल्शियम आत येतं, त्याने आतल्या इवल्या पिशव्या आवरणाला चिकटून फुटतात आणि त्यातलं रसायन फटीत सांडतं. पलीकडे त्या रसायनाला ओळखणारी कुलपं आहेत, किल्ली बसली की दार उघडतं. हे रसायनच असतं हे ऑटो लोवीने १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. पहिल्या हृदयाची नस चेतवून त्याचे ठोके मंदावले, त्याच्याभोवतीचं द्रव नुसतं दुसऱ्या हृदयावर घातलं, आणि त्याचेही ठोके मंदावले. दुसऱ्याला नसेचा स्पर्शही नव्हता. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन.

सगळीच रसायनं पुढच्या पेशीला ‘चल’ म्हणत नाहीत, काही ‘थांब’ म्हणतात. करंगळी लागल्यावर आपण ती चोळतो ना, आई पण पहिलं तेच करते, त्याने खरंच बरं वाटतं. चोळल्याची बातमी जाड तंतूतून येते आणि मज्जारज्जूत ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशींना जागं करते, त्या ठणक्याची वाट अडवतात. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी ही कल्पना मांडली, तपशिलात पुढे बदल झाले पण मूळ मुद्दा टिकला. तर लिंबाने ठरवायचं म्हणजे काय, हजारो ‘चल’ आणि हजारो ‘थांब’ यांची बेरीज करून उणे ५५ पर्यंत पोचतोय का बघायचं. पोचलं तर पूर्ण लाट, नाही तर काहीच नाही, अर्धी लाट नसते. जोरात लागलं तर लाट मोठी होत नाही, लाटा जास्त वेळा येतात, दारावरची बेल कोणी घाईघाईत पुन्हा पुन्हा वाजवावी तशा.

या ठरवण्यालाच वेळ लागतो हे पटायला पट्टी घ्या. एकाने पट्टी उभी धरायची, दुसऱ्याने शून्यापाशी चिमटा उघडा ठेवायचा, न सांगता सोडायची आणि पकडायची. १५ सेंमीवर पकडली तर ०.१७ सेकंद लागले, २० वर पकडली तर ०.२. आता मानेपासून हातापर्यंतचा दोर जेमतेम ८० सेंमी, त्याला २० मिलिसेकंदही लागत नाहीत. मग बाकीचे दीडशे मिलिसेकंद गेले कुठे? डोळ्याच्या पडद्यात, मेंदूतल्या एकामागून एक संपर्कस्थानांत, आणि शेवटी स्नायूला आकसायला. वेळ प्रवासात नाही, निर्णयात जातो. पाय मात्र झटकन मागे आला कारण तो निर्णय मज्जारज्जूतच दोन-तीन संपर्कस्थानांत झाला.

शेवटचं संपर्कस्थान स्नायूवर, तिथेही अ‍ॅसिटिलकोलीन, आणि काम झालं की एक विकर (एन्झाइम) ते लगेच तोडून फट साफ करतं. ही जागा मुलांना समजली की नाही हे मी प्रश्नपत्रिकेने तपासत नाही, तीन विषांची नावं देते आणि म्हणते प्रत्येक कुठे जाऊन बसतं ते चित्रात दाखव. नागाचं विष पलीकडच्या कुलपात बसतं, किल्ली लागत नाही, पापण्या पडतात, श्वास थांबतो. मण्यारीचं विष मुख्यतः अलीकडचं टोकच खराब करतं, पिशव्या संपतात, म्हणून नागदंशात ते साफ करणारं विकर रोखायचं औषध उपयोगी पडू शकतं तसं मण्यारीत फारसं पडत नाही, टोक भरून येईपर्यंत कित्येक दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही फारसं, त्यामुळे गावाकडे सगळ्यांना सांगा, संशय आला तरी थेट मोठं हॉस्पिटल, चिरा देणं, करकचून बांधणं, मंत्र यात एक मिनिटही घालवायचं नाही. तिसरं विष शेतातलं. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक त्या साफसफाईच्या विकरालाच बांधून टाकतं, अ‍ॅसिटिलकोलीन साचत जातं, लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीएवढ्या, स्नायू थरथरतात आणि मग गळतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, तिथे फवारल्या जाणाऱ्या औषधांत या गटातलीही औषधं होती. डॉक्टर अ‍ॅट्रोपीन देतात ते काही कुलपं अडवून धरायला. मग मी विचारते, अ‍ॅट्रोपीनने लाळ थांबेल पण स्नायूंची ताकद का येत नाही? कारण स्नायूवरची कुलपं वेगळ्या जातीची आहेत. बारावीतली मुलं यावर खूप वेळ भांडतात आणि बहुतेक वेळा स्वतःच उत्तराला पोचतात.

दोराचा प्रश्न पण घाला त्यात. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे (गिलॅन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) पेशंट एकदम वाढले होते, आमच्या ओळखीत पण सगळे घाबरले होते. त्यात आपलीच प्रतिकारशक्ती चुकून नसांवर हल्ला करते, कधी टेपवर, कधी थेट दोरावर. लिंबू शाबूत, संपर्कस्थान शाबूत, तरी पाय उचलत नाही. मुलाला टेप सोडवायला द्या, मग परत गुंडाळायला द्या, आणि विचारा कुणाला बरं व्हायला जास्त वेळ लागेल, टेप गेलेल्याला की दोर तुटलेल्याला.

एवढं झालं की पुस्तक मिटा, कोरा कागद द्या आणि सांगा करंगळीपासून सुरू कर, बोलत बोलत काढ. आणि एक आठवण करून द्या, करंगळीकडून वर जाणारी पेशी पुस्तकातल्या आकृतीसारखी नसते, तिचं लिंबू दोराच्या टोकाला नाही, कण्याजवळ वाटेतच एका छोट्या देठाला लटकलेलं असतं. मूल जिथे बोलताना अडखळेल तिथला दोर पुन्हा हातात घ्यायचा.